चकवे लिहिणारी बाई

चुकीची उत्तरं लिहिणं हा माझा व्यवसाय होता. प्रश्नाला चार पर्याय असतात, त्यातला बरोबर एक. तो लिहायला फारसं डोकं लागत नाही. उरलेले तीन चुकीचे असावेत पण चुकीचे वाटू नयेत, अशा बेताने लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या धंद्यात प्रश्नाला ‘आयटम’ म्हणतात. त्यामुळे कुणी विचारलं, की माझा नवरा मिलिंद अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचा, “आमची ही दिवसभर आयटम लिहिते.” ऐकणारा पुण्या-मुंबईकडचा असला की पुढची पाच मिनिटं माझी खुलासे करण्यात जायची.

आमचं ऑफिस डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनच्या बिझनेस पार्कमध्ये, टायरचं गोदाम आणि जिम यांच्या मधोमध. परदेशांतून इथल्या हॉस्पिटलांत आणि वृद्धाश्रमांत कामाला येणाऱ्या माणसांची इंग्रजीची परीक्षा आम्ही तयार करायचो. त्यात ‘सर्वांत स्पष्ट वाक्य निवडा’ नावाचा एक भाग असतो, तो माझ्याकडे होता. पुण्याच्या शाळेत मी इंग्रजीच शिकवत होते, त्यामुळे हे काम आपल्याला सहज जमेल असं वाटलं होतं. शिक्षिकेचं काम मुलांच्या चुका खोडायचं. इथे त्याच चुका नीट पारखून, धुऊनपुसून कागदावर मांडायच्या होत्या.

खरे प्रश्न सांगायला मनाई आहे. तशा सह्या करून दिल्यात आणि निवृत्त झाले तरी त्या सुटत नाहीत. म्हणून आत्ताच एक मराठीत करून दाखवते. “डॉक्टरांनी पेशंटच्या भावाला सांगितलं की त्याचा फोन बंद आहे.” आता फोन कुणाचा बंद, पेशंटचा की भावाचा? दुसरा पर्याय म्हणजे हेच शब्द मागेपुढे केलेले, गोंधळ तोच. तिसरा असा: “पेशंटच्या वापरातील भ्रमणध्वनी संच सद्यःस्थितीत बंद अवस्थेत असल्याची बाब डॉक्टरांनी त्याच्या भावाच्या निदर्शनास आणून दिली.” आणि चौथा: “‘पेशंटचा फोन बंद आहे,’ असं डॉक्टरांनी त्याच्या भावाला सांगितलं.” व्याकरणात चारही वाक्यं पास. वॉर्डात घाईच्या वेळी ऐकणाऱ्याला एका दमात कळेल ते चौथं.

चुकीच्या पर्यायाला धंद्यात एक भारदस्त इंग्रजी नाव आहे. मी मनातल्या मनात त्याला चकवा म्हणायचे. प्रत्येक चकव्याशेजारी कारण लिहून द्यावं लागतं: हा पर्याय कोण निवडेल आणि का. कारण सुचलं नाही तर चकवा रद्द. नुसतं फसवायचं नाही, असा आमच्याकडे दंडकच होता. चांगलं इंग्रजी येणारी माणसंच एखाद्या चकव्यात सापडायला लागली, तर दोष प्रश्न लिहिणाऱ्याचा धरतात आणि प्रश्न केराच्या टोपलीत जातो. माझे कितीतरी प्रश्न त्या टोपलीत गेले. त्यातले काही फार देखणे होते हो.

प्रश्न वापरायच्या आधी तो स्वयंसेवकांवर करून बघतात. एकदा मी मराठी मंडळातली मंडळी गोळा केली. कॉम्प्युटर चिप्सच्या कारखान्यातले इंजिनियर, बँकांचं सॉफ्टवेअर लिहिणारे, सगळे इंग्रजी कोळून प्यायलेले. त्यांनी एकजात त्या भ्रमणध्वनी संचासारखाच लांबलचक पर्याय उचलला. मी कुलकर्णी नावाच्या एका गृहस्थांना विचारलं, “हाच का निवडलात?”

“भारदस्त वाटला.”

“पण चौथा जास्त स्पष्ट नाही का?”

“तो तर कुणीही बोलेल,” कुलकर्णी म्हणाले. “मॅडम, एवढं शिकून जर एका ओळीत सांगायचं असेल, तर शिकलो कशाला?”

मला हसू आलं, पण राग नाही आला. आपल्या शाळांमध्ये पुरवणी मागणारा मुलगा हुशार. वर्गात “बाई, पुरवणी” अशी हाक आली की बाकीचे आपली पानं मोजायला लागतात. मी स्वतःच पाच गुणांच्या उत्तराला “थोडक्यात आटपलंस” असा शेरा मारून तीन देणारी बाई होते. त्या शाळेतून निघालेल्या माणसाला चार वाक्यं दाखवली, तर तो सगळ्यांत लांब वाक्याला नमस्कार करणारच.

माझे साहेब फर्गल हे केरी परगण्याचे. केरीचा माणूस प्रश्नाचं उत्तर प्रश्नानेच देतो, असं बाकीचे आयरिश म्हणतात. “केरीची माणसं असंच करतात का हो?” असं मी त्यांना विचारलं तर ते म्हणाले, “कुणी सांगितलं तुला?” स्पष्ट इंग्रजीची परीक्षा घेणाऱ्या कचेरीच्या प्रमुखपदी असा माणूस बसवला होता. मी लिहिलेला पहिला प्रश्न वाचून ते म्हणाले होते, “सुंदर आहे. याला जरा विश्रांती देऊ या.” मी आनंदाने घरी जाऊन शिरा केला. तो प्रश्न नापास झाला होता हे पुढे पुष्कळ दिवसांनी कळलं. मग मी त्यांच्या भाषेची एक उजळणीच करून ठेवली. ‘ग्रँड’ म्हणजे चालेल. ‘नॉट द वर्स्ट’ म्हणजे उत्तम. आणि ‘आय विल, या’ म्हणजे या जन्मी तरी नाही. आयर्लंडमध्ये राहून स्पष्ट वाक्यांची परीक्षा काढायची म्हणजे पाण्यात बसून कपडे वाळवायचे. फर्गलनी स्वतः एकदा प्रश्न लिहिला, त्यात नर्सने कप ‘प्रेस’मध्ये ठेवायचे होते. इथे प्रेस म्हणजे भिंतीतलं कपाट. केरळपासून मनिलापर्यंतच्या स्वयंसेवकांनी कपांना इस्त्री का करायची हे विचारलं आणि साहेबांच्या प्रश्नालाही विश्रांती मिळाली. त्या दिवशी मी पुन्हा शिरा केला.

मी काय काम करते हे मंडळात पसरल्यावर माझी किंमत एकदम वाढली. गणपतीच्या आरतीनंतर एक गृहस्थ मूर्तीला हात जोडून वळले ते तसेच जोडलेल्या हातांनी माझ्याकडे आले. त्यांची बायको परीक्षेला बसणार होती. “ताई, उत्तर नाही विचारत. दिशा सांगा फक्त.” कुणी घरी मोदक पाठवले. मी मोदक खाल्ले आणि तोंड मिटून बसले. दुसऱ्या वर्षी मोदक आले नाहीत.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं, पण प्रणिताच्या बाबतीत जड जायचं. प्रणिता आमच्यापासून दोन घरं सोडून राहायची. वर्ध्याची मुलगी. तिकडे नर्सिंग शिकलेली, आयसीयूत काम केलेली, आणि इथे परीक्षा पास होईपर्यंत टॅला या उपनगरातल्या एका वृद्धाश्रमात आजी-आजोबांना भरवण्या-न्हाऊ घालण्याचं काम करायची. नवरा निखिल तिकडे केरीत, ट्रलीजवळच्या एका कारखान्यात इंजिनियर. दोघांचा संसार शनिवार-रविवारचा. ट्रलीच्या हॉस्पिटलने तिला नर्सची जागा देऊ केली होती, पण पुढच्या निकालापर्यंतच ती राखून ठेवणार होते. ही परीक्षा निघाली की ती ट्रलीला, नाहीतर आहे तिथेच. दोनदा ती नापास झाली होती, दोन्ही वेळा एकाच भागात. कुठल्या, ते सांगायला नको. माझे चकवे तिला भोवत होते आणि ती माझ्याच स्वयंपाकघरात बसून माझ्या हातचा चहा पीत होती.

“ताई, मला ते वाक्य फार तोडून बोलल्यासारखं वाटतं हो,” ती म्हणायची. “एवढं सरळ कसं बोलायचं कुणाशी?”

मी “साखर पुरे का?” असं विचारायचे. दुसरं काही विचारायची मला परवानगीच नव्हती. तिच्या बोलण्याचीच ती रीत होती. विरजण हवं असलं तरी आधी माझी तब्येत, मग मिलिंदची, मग आमची रेवा कॉलेजात काय करते, मग “तुम्ही कामात असाल”, आणि दारातून निघताना, चप्पल घालता घालता, विरजण. रेवा तिच्या आयरिश इंग्रजीत मला म्हणायची, “आई, तिला दही हवंय. ती आली तेव्हाच मला कळलं होतं.”

तिसऱ्या परीक्षेला दोन दिवस होते. दुपारी ऑफिसात जेवण उरकून मी कॉफीच्या यंत्राजवळ उभी होते, तेवढ्यात भारतातल्या नंबरवरून फोन आला.

“ताई, मी सचिन. प्रणिताचा भाऊ, वर्ध्याहून. डिस्टर्ब तर नाही ना केलं?”

“नाही, बोला.”

“ती फोन नाही उचलत. तुमचा नंबर देऊन ठेवला होता तिने.”

“ड्युटीवर असेल. तिथे फोन लॉकरमध्ये ठेवायला लागतो.”

“हाव, बरोबर आहे. तिकडे थंडी खूप असते म्हणतात.”

“असते. काही विशेष?”

“नाही नाही, विशेष काही नाही. बाबांची तब्येत जराशी नरमगरम आहे. काळजीचं काही नाही. शनिवारी तिचा पेपर आहे ना, तो होऊन जाऊ द्या. मग म्हणा तिला, जमलं तर एक चक्कर मारून जा.”

डब्लिनहून वर्ध्याला एक चक्कर. सायकलवर टांग टाकून मारायची असल्यासारखी.

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. माझ्या वडिलांच्या वेळी मला “जरा ॲडमिट केलंय, सुट्टी मिळाली तर ये” असं सांगितलं गेलं होतं. मी सुट्टी मिळवली, वाटेत त्यांच्यासाठी बिनसाखरेची चॉकलेटं घेतली आणि घरी पोचले तर फोटोला हार घातलेला होता. माझ्या भावाला मी दोष देत नाही. त्याने माझा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून ते वाक्य निवडलं होतं. पण ती चॉकलेटं पिशवीतून काढताना मला जे झालं ते मी अजून विसरलेले नाही.

मी सचिनला सरळ विचारलं, “बाबा कसे आहेत?”

“आहेत ना. देवाची कृपा.”

“हॉस्पिटलमध्ये आहेत?”

“आता घरी आणलं.”

आपल्याकडे ‘घरी आणलं’ याचा अर्थ पेढे वाटण्यापासून ते पार दुसऱ्या टोकापर्यंत काहीही होऊ शकतो. “डॉक्टर काय म्हणतात?” मी विचारलं.

“डॉक्टर चांगले आहेत,” सचिन म्हणाला. “आपल्याच ओळखीतले आहेत.”

माझ्या लक्षात आलं की हा माणूस खोटं बोलत नाहीये. त्याच्या तोंडून ते वाक्य निघतच नाहीये. निघालं तर ते खरं होईल, असं काहीतरी त्याला वाटत असणार. आणि अशा माणसाला “स्पष्ट सांगा” म्हणून दरडावून काही उपयोग नसतो. मी विचारलं, “सचिन, तुम्ही काय करता?”

“बँकेत आहे, ताई.”

“म्हणजे स्पर्धा परीक्षा दिल्यात.”

“हाव, खूप दिल्या.”

“मग ऐका. मी चार ऑप्शन वाचते. तुम्ही काही बोलायचं नाही. शेवटी फक्त अक्षर सांगायचं.”

मी वाचायला लागले. वाचायला समोर काही नव्हतं, पण आवाज मी वाचल्यासारखाच ठेवला. “ऑप्शन ए. बाबा बरे होतायत. ऑप्शन बी. बाबांचे थोडे दिवस उरलेत, पण प्रणिता आत्ता निघाली तर भेट होईल. ऑप्शन सी. बाबा शुद्धीवर नाहीत, ती आली तरी ओळखणार नाहीत. ऑप्शन डी. बाबा गेले.”

बाहेर टायरच्या गोदामात ट्रक मागे घेत होते, त्याची टीटी ऐकू येत होती. सचिनकडे कुणीतरी नळ चालू केला आणि बंद केला. एकही चकवा नसलेला असा प्रश्न मी कधी लिहिला नव्हता. चारातलं काहीही खरं असू शकत होतं आणि ते मला ठाऊक नव्हतं. मी कॉफीचा कप खाली ठेवला.

“बी,” सचिन म्हणाला.

“नक्की?”

“बी, ताई. बी.” आणि मग तो रडायला लागला.

रडून झाल्यावर त्याला बोलता आलं, अगदी सलग. डॉक्टरांनी आता घरीच न्या म्हणून सांगितलं होतं. बाबा बोलत होते, माणसं ओळखत होते, पण रोज थोडं कमी कमी. आणि प्रणिताला सांगायचं नाही हे खुद्द बाबांनीच बजावलं होतं. “म्हणाले, पेपर होईस्तोवर पोरीले काही सांगू नका. तिचं नुकसान नको. आता त्यांच्या शब्दाबाहेर कसं जाऊ, ताई?”

“तुम्ही कुठे गेलात?” मी म्हटलं. “तुम्ही तर फक्त एक अक्षर सांगितलं.”

फोन ठेवून वळले तर दारात फर्गल उभे. त्यांना मराठी येत नाही. पण ‘ऑप्शन ए, ऑप्शन बी’ कळायला मराठी कशाला यायला हवं? शिवाय शनिवारी परीक्षा होती हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? केरीच्या त्या माणसाने माझ्या उभ्या नोकरीत पहिल्यांदाच मला एक स्पष्ट प्रश्न विचारला.

“शुभा, तू आत्ता फोनवर कुणाला प्रश्न वाचून दाखवत होतीस?”

मी सगळं सांगितलं. चारही पर्याय इंग्रजीत करून सांगितले. ते ऐकत राहिले. मला वाटलं, आता चौकशी बसणार. ते म्हणाले, “माझ्या वडिलांच्या वेळी मला सांगितलं होतं, ‘ही’ज कम्फर्टेबल’. म्हटलं, मग सकाळी निघू. सकाळी निघालो.” पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मग म्हणाले, “मुलगी कुठे आहे?”

“टॅलात. कामावर.”

“मग तू अजून इथे काय करतेयस?”

हेही प्रश्नाचं उत्तर प्रश्नानेच होतं, पण यापेक्षा स्पष्ट वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

क्लोनडॉकिनहून टॅला काही लांब नाही. पण वाटेत सिग्नल खूप, आणि प्रत्येक सिग्नलला मी वाक्य खोडत होते. सुरुवात ‘प्रणिता, घाबरू नकोस’ अशी मनात आली. खोडली, कारण माणूस घाबरतो तो याच वाक्याने. मग ‘सचिनचा फोन आला होता.’ तेही खोडलं. एवढं ऐकून मी पुढे श्वास घेईपर्यंत तिने मनात वडिलांना पोचवलं असतं. पहिला शब्द ‘बाबा’च हवा आणि त्याच्या लगेच मागे ‘आहेत’ हवं. बाकी सगळं नंतर. वर्षानुवर्षं टेबलाशी बसून मी हेच करत होते, पण तेव्हा समोर कुणाचा चेहरा नसायचा. चूक झाली तर प्रश्न टोपलीत जायचा आणि मी डबा उघडायचे.

वृद्धाश्रमाच्या रिसेप्शनवरच्या बाईंनी तिला बोलावलं. प्रणिता एप्रनला हात पुसत आली. मला कामाच्या वेळी तिथे बघूनच तिचा चेहरा उतरला.

“बाबा जिवंत आहेत,” मी म्हटलं. “पण दिवस थोडे राहिलेत. आज निघालीस तर भेट होईल.”

ती भिंतीला टेकली. “दादाचा तर सकाळी मेसेज होता. बेस्ट लक म्हणून. बाबांचा आशीर्वाद म्हणून.”

“आशीर्वाद बाबांनी खरंच दिला असेल. बाकीचं त्याला सांगवत नव्हतं.”

“तुम्हाला सांगितलं?”

“माझ्याजवळ बोलला.”

तिने फार काही विचारलं नाही. एप्रन काढला, घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी केली. मग एकदम म्हणाली, “ताई, परवाच्या परीक्षेचं काय?”

“परीक्षेबद्दल बोलायची मला परवानगी नाही,” मी म्हटलं.

ती हसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, आणि हसता हसता तिने माझा खांदा घट्ट धरला. रिसेप्शनच्या बाई टिश्यूचं खोकं घेऊन उभ्या होत्या, तर त्यांना कळेना कुणाला द्यावं. शेवटी त्यांनी स्वतःच त्यातला एक घेतला.

मिलिंदने तिकीट काढलं. निखिल ट्रलीहून परस्पर विमानतळावर आला आणि दोघं संध्याकाळच्या विमानात बसली. शनिवारी परीक्षा झाली आणि प्रणिताची खुर्ची रिकामी राहिली.

ट्रलीच्या हॉस्पिटलमधल्या मुख्य नर्सबाईंना निखिलने कळवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “लीव्ह इट विथ मी.” माझ्या उजळणीत या वाक्यासमोर ‘विसरा’ असा अर्थ लिहिलेला होता, म्हणून मी निखिलला फार आशा दाखवली नाही. पण बाईंनी शब्दशः तेच केलं. प्रकरण स्वतःजवळ ठेवलं आणि पुढच्या परीक्षेपर्यंत जागा भरू दिली नाही. ती परीक्षा प्रणिता पास झाली. तिला माझा कुठला प्रश्न आला मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असता तरी इथे लिहिला नसता. आता ती ट्रलीत असते आणि तिथल्या म्हाताऱ्यांशी इतकं लांबण लावून बोलते की केरीच्या लोकांना ती आपल्यातलीच वाटते. विरजण मात्र आता माझं मलाच सांभाळावं लागतं.

नोकरी सोडून आता काही महिने झाले. या कामाचा मला अभिमान आहे. वॉर्डात रात्रपाळीच्या नर्सने पहाटपाळीच्या नर्सला काय सांगितलं ते धडपणे कळलं नाही तर माणूस दगावतो, आणि ते कळावं म्हणून कुणीतरी बसून वाक्यं घासायला हवीत. ती मी घासली. पण खंतही आहे. माझ्या चकव्यांत जी माणसं सापडली त्यांतल्या पुष्कळांना इंग्रजी उत्तम येत होतं. समोरच्याला लागू नये म्हणून मऊ वाक्य उचलायची त्यांना घरापासूनची सवय होती, आणि त्या सवयीला माझ्याकडे गुण नव्हते. प्रत्येक चकव्याशेजारी कारण लिहायचं असतं हे मी सांगितलंच. तिथे मी ‘अतिरिक्त सौजन्य’ असं लिहायचे. ‘माया’ असं लिहायला जागा होती, पण सुचलं नाही.

वर्ध्याला काय झालं ते प्रणिताने परत आल्यावर मला सांगितलं. ती घरात शिरली तेव्हा बाबा जागे होते. खोलीत सचिन, काका, काकू, शेजारच्या दोघी-तिघी, असं सगळं माणसांनी भरलेलं. विमानातून उतरून आलेली ती, अंगावर तोच कोट. बाबांनी डोळे किलकिले करून पाहिलं, ओळखलं आणि पहिला प्रश्न विचारला, “पेपर झाला का, बेटा?”

खोलीतल्या सगळ्या माना एकदम हलल्या. काकूने बाबांच्या उशामागून डोळ्यांनी खुणावलं, हो म्हण. सचिनने तिचा हात दाबला, हो म्हण. एवढ्याने त्यांना बरं वाटेल, एक शब्द तर आहे.

“नाही दिला, बाबा,” प्रणिता म्हणाली. “तुम्हाला भेटायला आले.”

काकूने तोंडाला पदर लावला. बाबांनी चादरीतून हात काढायला सुरुवात केली. त्याला फार वेळ लागला, पण कुणाला मदत करू दिली नाही. तो हात तिच्या हातावर ठेवून ते म्हणाले, “बरं केलंस. मी वाटच पाहत होतो.”

तो हात त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही.